डी१६, डी२४, डी३०... विचित्र फासे विकत घेण्याआधी हे एकदा वाचा

पहिल्याच सेशनला माझा पोपट झाला होता. जज (म्हणजे खेळ चालवणारा) म्हणाला "हल्ला वरच्या पायरीवरून करतेयस ना, मग प्लस वन डी घे", मी डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकला, १४ पडले, त्यात १ मिळवला आणि मोठ्या आत्मविश्वासाने "पंधरा!" म्हणाले. टेबलवर शांतता. मग शेजारच्या दादाने त्याच्या पिशवीतून पेरूएवढा दिसणारा एक निळा फासा काढून माझ्यासमोर ठेवला, म्हणाला "एक मिळवायचा नाही गं, फासाच बदलायचा." तो डी२४ होता. मला तोपर्यंत असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

आम्ही खेळतो तो गेम म्हणजे डंजन क्रॉल क्लासिक्स, गुडमन गेम्सचा, २०१२ चा, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर चालवायचा रोल-प्लेइंग गेम. नेहमीच्या सात फाशांच्या सेटवर यात भागत नाही, डी३, डी५, डी७, डी१४, डी१६, डी२४, डी३० असली मंडळी पण लागतात. त्यानंतर मी पैसे घालवले, चुकीचे फासे मागवले, पार्सल अडकवून घेतलं, आणि आता ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की तेच प्रश्न मलाच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

१. आधी फाशांची शिडी समजून घ्या

डी म्हणजे डाय, पुढचा आकडा म्हणजे बाजू. डी८ म्हणजे आठ बाजूंचा, ३डी६ म्हणजे सहा बाजूंचे तीन टाकून बेरीज. इतकं बहुतेकांना येतं. या गेममध्ये वेगळी गोष्ट आहे ती शिडी:

डी३, डी४, डी५, डी६, डी७, डी८, डी१०, डी१२, डी१४, डी१६, डी२०, डी२४, डी३०

"प्लस वन डी" म्हणजे शिडीवर एक पायरी वर, "मायनस वन डी" म्हणजे एक खाली. नेहमीचा हल्ला डी२० ने, म्हणजे फायदा मिळाला की डी२४, आणि ज्या शस्त्राचं ट्रेनिंग नाही ते उचललं की डी१६. ज्या कामाचा तुमच्या कॅरेक्टरला काही अनुभवच नाही (न्हाव्याला कुलूप उघडायला लावणं वगैरे) तिथे तर डी२० सोडून सरळ डी१० वर यावं लागतं. आणि "प्लस १" लिहिलंय की "प्लस १डी" लिहिलंय हे प्रत्येक वेळी नीट वाचा, माझा पोपट तिथेच झाला.

वॉरियर घेतलात तर पहिल्या लेव्हलपासून हल्ल्यासोबत एक डी३ पण टाकावा लागतो, आणि त्याचा क्रिटचा (खास जोरात बसलेल्या फटक्याचा) फासा डी१२ पासून सुरू होऊन लेव्हलगणिक डी१४, डी१६ करत सहाव्या लेव्हलला डी३० पर्यंत जातो. म्हणजे सगळे फासे पहिल्या दिवशी लागत नाहीत. हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२. पहिले दोन-तीन सेशन काहीही विकत घेऊ नका

हो, खरंच. नेहमीचा सात फाशांचा सेट असेल (डी४, डी६, डी८, डी१०, दहाच्या पटीतला डी१०, डी१२, डी२०) तर शिडीवरचा प्रत्येक फासा त्यातून काढता येतो. हा तक्ता मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय:

- डी३: डी६ टाका, निम्मे करा, अर्धा आला तर वर ढकला. १-२ म्हणजे १, ३-४ म्हणजे २, ५-६ म्हणजे ३.
- डी५: डी१० टाका (० म्हणजे १०), तसंच निम्मे.
- डी७: डी८ टाका, ८ आला तर परत टाका.
- डी१४: वरचा डी७ आणि सोबत एक डी६. डी६ वर १ ते ३ आले तर आकडा आहे तसा, ४ ते ६ आले तर त्यात ७ मिळवा.
- डी१६: डी८ आणि डी६. ४ ते ६ आले तर ८ मिळवा.
- डी२४: डी१२ आणि डी६. ४ ते ६ आले तर १२ मिळवा.
- डी३०: डी१० (० म्हणजे १०) आणि डी६. १-२ ला काही नाही, ३-४ ला १० मिळवा, ५-६ ला २०.

सोबतचा डी६ वेगळ्या रंगाचा ठेवा आणि कुठला फासा कशासाठी ते टाकण्याआधी बोलून दाखवा. नाहीतर दान बघून मग ठरवायचा मोह होतो, आणि समोरच्याला संशय येतो तो वेगळाच.

मोबाईल पण चालतो. ऑनलाईन खेळत असाल तर रोल२० सारख्या साईटवर डी२४ काय डी३७ पण टाकता येतो. पण एका टेबलवर बसून खेळताना प्रत्येकजण फोनमध्ये तोंड घालून बसला की मजा जाते, हे माझं मत, तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या.

३. सगळ्यात मोठा सापळा: दोन डी१२ म्हणजे डी२४ नव्हे

यावर जरा जास्त लिहिते, कारण आमच्याकडे एकजण चांगले तीन सेशन हेच करत होता आणि आपला वॉरियर सारखा चुकतो म्हणून नशिबाला शिव्या घालत होता.

लहानपणी कवड्यांवर पट खेळला असाल (कोणी चल्लस-आठ म्हणतं, कोणी अष्टा-चल्लस, आमच्या आजोळी चिंचोके अर्धे घासून त्यावर खेळायचो) तर आठवा, चार कवड्या टाकल्या की दोन किती वेळा पडायचे आणि आठ किती वेळा. दोन पडून पडून कंटाळा यायचा, आणि सगळ्या पालथ्या पडून आठ आले की आरडाओरडा. कारण साधं आहे. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असं धरलं तर चार कवड्यांचे एकूण १६ प्रकार होतात, त्यातल्या ६ प्रकारांत दोन उताण्या असतात, आणि सगळ्या पालथ्या फक्त १ प्रकारात.

बेरीज केली की हेच होतं, मधले आकडे माजतात आणि टोकाचे दुर्मिळ होतात. दोन डी१२ टाकले तर १ कधीच येणार नाही, १३ सगळ्यात जास्त येणार, आणि २४ येणार १४४ मध्ये एकदा. खऱ्या डी२४ वर प्रत्येक आकडा २४ मध्ये एकदा. आमच्या त्या वॉरियरला एका राक्षसाला लागायला २० किंवा जास्त हवे होते. खऱ्या डी२४ वर ती शक्यता २४ मध्ये ५, म्हणजे साधारण २१ टक्के. दोन डी१२ वर १४४ मध्ये १५, म्हणजे साडेदहाच्या आसपास. बरोब्बर अर्धी. साध्या डी२० वर २० यायची शक्यता ५ टक्के, म्हणजे बक्षीस म्हणून मिळालेल्या फाशाने ती चौपटीच्या वर जायला हवी होती, आणि बिचारा जेमतेम दुपटीवर अडकत होता, बक्षिसातला मोठा वाटा टेबलाखाली टाकत होता.

तेच डी३० साठी तीन डी१० ची बेरीज करणाऱ्यांचं. करू नका. वरच्या तक्त्यातला डी६ फक्त "कुठल्या गटातला आकडा" एवढं ठरवतो, त्याची बेरीज होत नाही, म्हणून तो चालतो.

४. मग घ्यायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

माझा क्रम असा: पहिला डी१६ आणि डी२४, कारण डी२० च्या खालची आणि वरची पायरी तीच, प्रत्येक सेशनला लागतात. मग डी१४ आणि डी३०. डी३, डी५, डी७ शेवटी, किंवा घेऊच नका, कारण ते डी६, डी१०, डी८ वरून चुटकीसरशी निघतात आणि आकाराने पण तेच सगळ्यात भांडखोर असतात.

भांडखोर का, तर डी२४, डी३०, डी१६, डी१४ यांच्या सगळ्या बाजू एकसारख्या असतात. डी३० च्या प्रत्येक बाजूला पतंगासारखा चौकोन असतो, काजूकतलीच म्हणा ना, सगळे सारखे, म्हणून कुठलाही पडायची शक्यता सारखी. डी१४ आणि डी१६ म्हणजे आपला डी१०च, फक्त पाकळ्या जास्त. पण सात सारख्या बाजूंचा असा ठोकळा बनतच नाही. म्हणून डी७ म्हणजे पाच कडांची जाड चकती, पाच बाजू भोवती आणि दोन वर-खाली, आणि चकतीची जाडी बरोबर जमवून शक्यता सारखी करायचा प्रयत्न. डी५ म्हणजे तसाच जाड त्रिकोण. कडक टेबलवर आणि मऊ कापडावर हे वेगवेगळे वागू शकतात. तुम्हाला डी७ हवाच असेल तर १४ बाजूंचा, १ ते ७ दोनदा लिहिलेला घ्या, आणि डी५ हवा तर १० बाजूंचा, १ ते ५ दोनदा. डी३ साठी १ ते ३ दोनदा लिहिलेला साधा चौकोनी फासा.

आता १०० बाजूंचा. सगळ्यांना हवा असतो, मलाही हवा होता. फासे बनवणारे लू झोकी यांनी १९८५ साली तो बाजारात आणला, त्यांच्या नावाने त्याला झोकीहेड्रॉन म्हणतात, दिसतो गोल्फच्या बॉलसारखा आणि वागतो पण तसाच. टाकला की थांबतच नाही. लवकर थांबावा म्हणून आत सुटे दाणे भरलेले असतात तरी. आणि थांबल्यावर नेमका कुठला आकडा वर आहे यावर दोन मतं. दोन डी१० टाका, एक दहाच्या पटीतला, काम संपलं. ००+० म्हणजे १००, हे मात्र खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवून घ्या.

१२० बाजूंचा पण आहे, डाइस लॅब या फासे बनवणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला, आणि तो गणिताच्या दृष्टीने झकास आहे, १२० त्रिकोण सगळे सारखे. १२० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, २०, २४, ३० सगळ्यांनी भाग जातो, म्हणजे एका फाशात शिडीवरचे बरेच फासे. फक्त ७, १४ आणि १६ ने जात नाही, आणि आम्हाला नेमका १६ लागतो. शोकेससाठी उत्तम.

५. मागवताना लागणाऱ्या गोष्टी आणि तिथले सापळे

मी आधी तुळशीबागेत जाऊन आले होते, खोटं कशाला बोला. दुकानदाराने डी२४ म्हटल्यावर लुडोचे चार सेट पुढे केले, सहा गुणिले चार चोवीस.

ऑनलाईन भारतात सात फाशांचे सेट सहज मिळतात, विचित्र आकार कधी असतात कधी नसतात. लिस्टिंगवर "१४ डाइस सेट" दिसलं की लगेच कार्टमध्ये टाकू नका, आत कुठले १४ ते वाचा. मी मागवलेल्या पहिल्या सेटमध्ये सात नेहमीचेच दोन रंगांत होते. फोटोवरून साईज कळत नाही, मिलिमीटर बघा, साधा डी२० समोरासमोरच्या बाजूंत २० च्या आसपास असतो, त्याच्यापेक्षा फार लहान डी३० असेल तर आकडे वाचायला भिंग लागेल.

बाहेरून मागवणार असाल तर एकट्याने मागवू नका. शिपिंगच फाशांपेक्षा महाग पडतं. चार-पाच जणांची ऑर्डर एकत्र करा. हे तयार ठेवा:

- केवायसीसाठी आधार किंवा पॅनची स्कॅन कॉपी. कुरियरने आलं तर मागतातच.
- ऑर्डरवरचं नाव अगदी आयडीवर आहे तसं. मी ऑर्डर घरच्या नावाने टाकली होती, आयडीवर वेगळं नाव, पार्सल अकरा दिवस पडून राहिलं आणि मी रोज ट्रॅकिंग बघत बसले.
- बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा, पीडीएफमध्ये.
- कस्टम ड्यूटी आणि वरचे हँडलिंग चार्जेस यासाठी बाजूला काढलेले पैसे. ग्रुपमध्ये आधीच सांगा की हे सगळ्यांत वाटले जाणार, नंतर मागायला लाज वाटते.

"गिफ्ट लिहायला सांग, ड्यूटी लागत नाही" असं सांगणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात गेली, राख्या आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. आणि किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगणं तर सरळ खोटं डिक्लेरेशन, त्या फंदात पडू नका.

थ्रीडी प्रिंट करून घेणं हा पर्याय आहे, पण आत पोकळ जाळी ठेवून छापलेला फासा कधी कधी एका बाजूला झुकतो, तेव्हा पूर्ण भरीव छापायला सांगा. रेझिनचा असेल तर नीट धुऊन, यूव्हीखाली पक्का करूनच हातात घ्या, ओला रेझिन हाताला लावायची वस्तू नाही.

६. आल्यावर तपासा, पण वेडे होऊ नका

लागणारं सामान: काचेचा ग्लास, भरपूर मीठ, जमलं तर व्हर्नियर कॅलिपर, वही.

मिठाचं पाणी: कोमट पाण्यात मीठ विरघळेना इतकं घाला, फासा सोडा. तरंगला तर टिचकी मारून फिरवा, दहा-पंधरा वेळा. सारखा तोच आकडा वर येत असेल तर आत हवेचा बुडबुडा आहे. ॲक्रिलिकचे फासे त्या पाण्यात जेमतेम तरंगतात, तेव्हा मिठात कंजुषी केलीत तर बुडणारच. धातूचे फासे यात टाकून बघणारे पण भेटलेत मला. ही टेस्ट फक्त वजनाची आहे, आकार वाकडा असेल तर कळणार नाही.

आकारासाठी कॅलिपरने समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजा, सगळीकडून सारखं यायला हवं. झोकी याचंच प्रात्यक्षिक दाखवायचे, एकाच कंपनीचे डी२० वेगवेगळ्या बाजूंवर एकावर एक रचायचे आणि ढिगांची उंची वेगवेगळी यायची. घासून गुळगुळीत केलेले फासे थोडे अंडाकृती होतात हा त्यांचा मुद्दा. (धारदार कडांचे फासे ते स्वतः विकायचे हेही लक्षात ठेवा.)

फासा टाकून मोजणार असाल तर ४८० वेळा टाका, डी२४ चा प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा यायला हवा. आणि इथेच लोक घाबरतात. चांगल्या फाशावर पण एखादा आकडा १२ वेळा आणि एखादा २८ वेळा येतो, यात काही वावगं नाही. एखादा ५ वेळा किंवा ४० वेळा आला तर मात्र डोळे उघडा. मी टीव्ही बघत बघत दोन संध्याकाळी हे केलंय, आईने विचारलं बरी आहेस ना.

काही फाशांचे आकडे रंगवलेले नसतात, कोरे कोरलेले येतात. घाबरून परत पाठवू नका. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तर गेमच्या डब्यात फाशांसोबत मेणाचा खडू द्यायचे, आकड्यांत घासायचा आणि वरचा पुसून टाकायचा. शाळेतला साधा मेणखडू अजून तितकाच चालतो, पांढरा घ्या, फासा गडद असेल तर.

७. वाचायचं कसं

डी२०, डी२४, डी३० वर जी बाजू वर ती. डी४ वर वरची बाजूच नसते, टोक असतं, तेव्हा तिन्ही बाजूंना जो आकडा सरळ दिसतो तो घ्या, मग तो टोकापाशी छापलेला असो की तळाशी. चकतीवाला डी७ पडला की वर बाजू न येता कड येऊ शकते, आकडा त्या कडेवर लिहिलेला असतो. ६ आणि ९ खाली रेघ किंवा टिंब बघा, आणि १०० बाजूंच्या फाशावर तर ६६-९९, १८-८१, १६-९१ असली जोडपी असतात, तिथे रेघ नसेल तर भांडण ठरलेलं.

८. टाकायचं कशात

डी३० घरंगळतो, फार घरंगळतो. मी घरातली स्टीलची परात वापरायला लागले, पहिल्या रात्री खालच्या मजल्यावरच्या काकू साडेअकराला वर आल्या, "काय पडलं गं?" आता परातीत जुन्या शालीचा तुकडा घातलाय. फासा परातीबाहेर गेला किंवा कडेला तिरपा टेकून राहिला तर परत टाकायचा, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा, दान पडल्यावर नको, कारण २४ पडलेला तिरपा फासा कोणालाच तिरपा वाटत नाही.

आणि निघताना फासे मोजून पिशवीत टाका. माझा डी१४ दोन महिने गायब होता, सापडला जजच्या मुलीच्या भातुकलीत, कढईत, शिजायला ठेवलेला.